पीएम किसानचे दोन हजार : कोरोनातल्या हप्त्यापासून आजपर्यंतचा आमच्या घरचा अनुभव

एप्रिल २०२० चा दुसरा आठवडा असेल. माझे वडील, अण्णा, ओसरीवर हरभऱ्याच्या पोत्याला टेकून बसले होते आणि त्यांच्या बटनाच्या मोबाईलवर मेसेज वाजला. चष्मा आत होता म्हणून मला हाक मारली, बघ रे काय आलंय. दोन हजार जमा झाल्याचा मेसेज होता, पीएम किसानचा. त्या दिवशी घरात रोख किती होते ते मला अजून पाठ आहे, कारण सकाळीच आईनं डाळीच्या डब्यातनं काढून मोजले होते, तीनशे चाळीस रुपये. घरात सात माणसं, मी पुण्यातली कंपनी बंद पडली म्हणून बायको-पोराला घेऊन गावी आलेलो, आणि तीनशे चाळीस रुपये. हरभरा अठरा पोती घरात पडलेला पण विकायचा कुठं? हमीभाव ४,८७५ होता, खरेदी केंद्रावर नाव नोंदवलं होतं पण बोलावणं येईना, आडत कधी चालू कधी बंद, आणि गावात टेम्पो घेऊन आलेला व्यापारी क्विंटलला हजार रुपये कमी मागत होता. आठवडी बाजार बंद. शेजारच्या मळ्यातली टरबुजं तर रानातच फुटली, शेवटी जनावरांपुढं टाकली.

पीएम किसानबद्दल एकतर जाहिरातीसारखं लिहिलेलं वाचायला भेटतं नाहीतर नुसत्या शिव्या. मला दोन्ही पटत नाही. आमच्याकडं ही योजना पहिल्या वर्षापासून आहे, घरातल्या दोघांचे फॉर्म मी स्वतः भरलेत, भावकीतल्या अन् गल्लीतल्या पंधरा-वीस जणांचं स्टेटस माझ्या फोनवरून बघितलंय, बँकेत, तहसीलला, सेवा केंद्रावर किती चकरा झाल्या त्याची मोजदाद नाही. त्यामुळं जे चांगलं आहे ते चांगलं म्हणीन आणि जिथं माणसाचा जीव जातो तेही सांगीन. गाव मराठवाड्यातलं आहे, तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१९ च्या बजेटमध्ये ही योजना जाहीर झाली, लागू केली १ डिसेंबर २०१८ पासून. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यात, दर चार महिन्याला दोन हजार, थेट खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती, नंतर जून २०१९ पासून ज्याच्या नावावर जमीन आहे त्या सगळ्यांना केली. इन्कम टॅक्स भरणारे, सरकारी नोकरीवाले (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असणारे, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आमदार-खासदार हे बसत नाहीत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, एका कुटुंबाला एकच लाभ. आणि जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर पाहिजे, त्यानंतर खरेदी घेतली असेल तर बसत नाही, वारसानं आली असेल तर बसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं काकूंचं सांगणारय त्यात ते कामाला येतंय.

आता कोरोनातल्या हप्त्याचं. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं, २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज सांगितलं आणि त्यात शेतकऱ्यांसाठी म्हणून हे होतं की ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन-दोन हजार टाकणार. टीव्हीवर ते ऐकून अण्णांना वाटलं, आणि गावात सगळ्यांनाच वाटलं, की हे कोरोनाचे वेगळे दोन हजार आणि नेहमीचा हप्ता वेगळा. तसं नव्हतं. एप्रिल ते जुलै या मुदतीत जो हप्ता असाही येणारच होता तोच लवकर दिला. म्हणजे मदत म्हणून जे सांगितलं गेलं ती आमच्याच ठरलेल्या पैशाची उचल होती. अण्णा जुलैपर्यंत वाट बघत होते की कोरोनाचे आले, आता रेग्युलर येतील. शेवटी मी त्यांना पोर्टलवर दाखवलं, पाचवा हप्ता म्हणून लिहिलेलं, तारीख एप्रिलची. पुढचा सहावा ९ ऑगस्टला आला. अण्णा काही बोलले नाहीत, पण पेरणीच्या हिशोबात त्यांनी ते जास्तीचे दोन हजार धरले होते हे मला माहीत होतं.

ही माझी या योजनेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती पैशापेक्षा सांगण्याबद्दलची आहे. सरळ सांगायचं होतं ना की जुलैपर्यंतचा हप्ता आत्ताच देतोय, पुढचा ऑगस्टमध्ये. शेतकरी हिशोबाचा पक्का असतो, त्याला कळलं असतं, त्यानं तसं नियोजन केलं असतं.

पण याची दुसरी बाजूही तेवढ्याच जोरानं सांगतो. लवकर दिलेल्या त्या दोन हजाराचं मोल त्या आठवड्यात फार होतं. जुलैत आले असते तर खताच्या दुकानात गेले असते एवढंच. एप्रिलमध्ये आले म्हणून आम्ही हरभरा पडत्या भावात द्यायचा थांबलो. आई म्हणाली, महिना काढू, माल देऊ नका. आणि खरंच महिन्याभरानं केंद्रावरून बोलावणं आलं, अर्धा हरभरा हमीभावानं गेला. दोन हजार रुपयांनी आमचे कितीतरी हजार वाचले. जे म्हणतात दोन हजारात काय होतं त्यांना मी हेच सांगतो, की कधी आले त्यावर आहे.

पैसे आले पण हातात यायला काय झालं तेही सांगायला पाहिजे. बँक अकरा किलोमीटरवर. एसटी बंद, वडाप बंद, मोटारसायकलवर दोघं दिसले की पोलिस अडवायचे. मी अण्णांचं पासबुक घेऊन एकटाच गेलो तर बँकेसमोर चुन्यानं गोल आखलेले आणि प्रत्येक गोलात एकेक माणूस, ऊन असं की चप्पल काढून गोलात ठेवून लोक लिंबाच्या सावलीला जाऊन बसलेले, चप्पल म्हणजे नंबर. त्यातच जनधनच्या बायका, कारण त्याच सुमारास महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे द्यायचं चालू झालेलं आणि त्यांना खाते नंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणं दिवस ठरवून दिलेले, शून्य-एक वाल्यांना ३ एप्रिल, दोन-तीन वाल्यांना ४ एप्रिल असं ९ तारखेपर्यंत. पण ते किती जणींपर्यंत पोचलं होतं? कुणीतरी उठवलेलं की पैसे काढले नाहीत तर परत जातात, त्यामुळं म्हाताऱ्या बाया सकाळी सहापासून येऊन बसलेल्या. पैसे परत जात नसतात हे मी तिथं पाच-सहा जणींना सांगितलं, पण विश्वास कसा बसणार, याआधी त्यांच्या खात्यात कुणी न मागता पैसे टाकले होते कधी.

आणि मी चार तास थांबून खिडकीशी गेलो तर अण्णा स्वतः पाहिजेत म्हणाले. नियमानं बरोबरच आहे ते, खातं त्यांचं, मला राग आला नाही, फक्त वाईट वाटलं की गेटवरच कुणी सांगितलं असतं तर चार तास गेले नसते.

ते पैसे शेवटी पोस्टमननं दिले. ही गोष्ट मला मनापासून लिहायचीय कारण याचं कौतुक कुणी फार केलं नाही. लॉकडाऊनमध्ये पोस्टाच्या पेमेंट बँकेनं घरपोच पैसे द्यायची सोय केली होती, कुठल्याही बँकेचं खातं असू दे, आधार जोडलेलं असलं की झालं. आमचे पोस्टमन तोंडाला उपरणं बांधून सायकलवर आले, पाराच्या कट्ट्यावर बसले, पिशवीतनं मोबाईल आणि ते अंगठ्याचं छोटं मशीन काढलं. अण्णांचा अंगठा उठेना. चाळीस वर्षं विळा-कुदळ धरलेला हात, रेषाच राहिल्या नाहीत. एकदा, दोनदा, पाचदा. मग पोस्टमनमामांनी लिंबू मागवलं, अण्णांचा अंगठा लिंबाच्या फोडीनं चोळला, पंचानं कोरडा केला, आणि म्हणाले अंगठा नको, आता मधलं बोट ठेवा अण्णा, हळू, दाबू नका. लागलं. हिरवा टिक आला तेव्हा कट्ट्यावर लांब-लांब बसलेले सगळे एकदम हलले. त्या दिवशी त्यांनी बावीस जणांना पैसे दिले आणि आमच्या घरचा चहा पण घेतला नाही, म्हणाले सध्या कुणाकडं घेत नाही, मला तुमच्या सगळ्यांच्या दारात जायचंय. पाच पैकी पाच स्टार द्यायचे असतील तर मी या माणसाला देईन.

दोन हजार कुठं गेले? किराणा साडेसातशे, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्याच्या एकदम घेतल्या, गॅस, पोराला दूध पावडर, आणि उरलेले आईनं पुन्हा त्याच डब्यात ठेवले. खत-बियाणाला एक रुपया गेला नाही. योजना जाहीर करताना बियाणं-खतासाठी म्हणून सांगितलेली, पण त्या वर्षी पोट आधी होतं. बियाणाचं पुढं जूनमध्ये उसनवारी करून झालं, सोयाबीनची तीस किलोची बॅग दोन हजाराच्या पुढं होती, म्हणजे एक हप्ता एका बॅगेला पण पुरत नव्हता, आणि त्या खरिपात कितीतरी गावात सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली, आमचंही दोन एकर मोडलं. मग ऑक्टोबरमध्ये काढणीला आलेलं पावसात भिजलं. त्याला राज्य सरकारनं वेगळी मदत दिली, हेक्टरी दहा हजार आणि फळबागेला पंचवीस हजार, दोन हेक्टरपर्यंत. ती नुकसान बघून दिलेली मदत होती, पंचनामा झाला, तलाठी येऊन गेले. उशिरा आली पण कशासाठी आली ते कळत होतं.

इथं एक तुलना सांगाविशी वाटते. माझा मावसभाऊ अमेरिकेत आयोवा राज्यात नोकरीला आहे, त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या घरी शेती, मका आणि डुकरं. तिकडं पण एप्रिल २०२० मध्येच सरकारनं शेतकऱ्यांसाठी पॅकेज काढलं, १९ अब्ज डॉलरचं, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना. पण ते नुकसानीला बांधलेलं होतं, कत्तलखाने बंद पडल्यानं डुकरं विकली जाईनात म्हणून डुकरामागं इतके, गुरामागं इतके, दुधाला वजनावर, घरात पडलेल्या मक्याला मापावर. सप्टेंबरात दुसरा टप्पा आला त्यात मक्याला एकरी कमीत कमी १५ डॉलर धरले. फॉर्म त्यांच्या काउंटीच्या ऑफिसात, म्हणजे आपलं तालुका कृषी कार्यालय समजा, लॉकडाऊनमुळं फोनवर आणि ईमेलवर. तिथं उलटी तक्रार होती, ज्याच्याकडं जास्त एकर जास्त जनावरं त्याला जास्त पैसे, एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत, त्यामुळं बड्यांनी बरंच नेलं आणि छोट्याला चिमूटभर. आपल्याकडं सगळ्यांना सारखे दोन हजार, ज्याची द्राक्षं बागेत सडली त्यालाही तेवढेच आणि ज्याचं काहीच गेलं नाही त्यालाही तेवढेच. मला विचाराल तर सारखं वाटप हे आपल्याकडं चांगलंच आहे, कारण नुकसान मोजायला बसलो असतो तर एप्रिलचे पैसे दिवाळीला आले असते. पण मग वरनं नुकसानीचा वेगळा विचार पाहिजे होता. दुधाला राज्यानं थोडा केला, शिल्लक दुधापैकी रोज दहा लाख लिटर २५ रुपयानं घेऊन पावडर करायचं ठरवलं, तरी गावोगाव डेअरीवर दर पडलेलाच होता. भाजीपाला, फळं, फुलं यांना तर कुणी वालीच नव्हता.

आता काकूंचं. हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

माझे चुलते दुसऱ्या लाटेत गेले, मे २०२१ च्या सुरुवातीला. ऑक्सिजनसाठी दोन जिल्हे फिरलो, ते सगळं इथं नको. तेराव्याच्या आदल्या दिवशी, १४ मेला, घरात पाच-सहाच माणसं, आणि देव्हाऱ्याजवळ चार्जिंगला लावलेला काकांचा मोबाईल वाजला. दोन हजार जमा. आठवा हप्ता होता, त्या दिवशी देशभरात साडेनऊ कोटी शेतकऱ्यांना गेला. काकूंनी मोबाईल हातात घेतला, त्यांना वाचता येत नाही, नुसता धरून बसल्या. माझा चुलतभाऊ म्हणाला, आपल्याला कळवायला पाहिजे होतं का कुणाला तरी? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की मयत झाल्यावर हप्ता आपण होऊन थांबवायचा असतो. ते पैसे त्यानं एटीएमनं काढले, तेराव्याच्या सामानाला गेले. नंतर ऑगस्टचा आणि १ जानेवारी २०२२ चा हप्ता पण त्याच खात्यात आला.

पुढं पडताळणीत ते निघालं आणि फोन आला की मयताच्या नावे घेतलेले सहा हजार परत भरा. भरले. नियम आहे, दुसऱ्याचा हक्काचा पैसा आपण ठेवू नये, त्याबद्दल तक्रार नाही. इन्कम टॅक्स भरणारे कितीतरी लोक या यादीत घुसले होते, २० लाखाच्या वर अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचं माहिती अधिकारात बाहेर आलेलं, तेव्हा वसुली व्हायलाच पाहिजे. पण ज्या यंत्रणेला माणूस मेलेला कळतो आणि पैसे परत मागायचं कळतं, तिला त्या माणसाची बायको जिवंत आहे, जमीन तीच कसतेय आणि आता लाभ तिचा आहे, हे का कळू नये? वसुलीचा फोन आपोआप येतो, वारसाचा लाभ मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी तिनं पहिल्यापासून सगळं करायचं.

आणि सगळं म्हणजे काय ते सांगतो. आधी मृत्यूचा दाखला. मग वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं. आमचं खातं सामाईक, आजोबांच्या वेळचं, त्यात चार भावांची नावं, त्यातला एक मुंबईला. फेरफार, नोटिसा, पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, आणि एकदा स्पेलिंग चुकलं म्हणून पुन्हा. चौदा महिने लागले सातबारावर काकूंचं नाव यायला. मग नवीन नोंदणी. आधारवर त्यांचं नाव माहेरच्या हाकेचं, पासबुकवर सासरचं. आधार दुरुस्ती. बँकेत आधार जोडणी, आणि नुसती जोडणी नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, वेगळं मॅपिंग लागतं हे आम्हाला तिसऱ्या चकरेत समजलं. मग अर्ज तालुक्याला पेंडिंग. महसूलवाले म्हणायचे हे काम कृषीचं, कृषीवाले म्हणायचे लॉगिन महसूलकडं. काकू प्रत्येक वेळी माझ्यासोबत मोटारसायकलवर मागं बसून यायच्या, पिशवीत सगळे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि कचेरीच्या पायरीवर बसल्या की पिशवी मांडीवर घट्ट धरायच्या. एकदा म्हणाल्या, दोन हजारासाठी नाही रे येत मी, सातबारावर माझं नाव लागलं ना, ते कुणीतरी खरं मानावं म्हणून येते.

त्यांचा पहिला हप्ता आला तो सोळावा, २८ फेब्रुवारी २०२४ ला, पंतप्रधानांनी यवतमाळहून सोडला तो. म्हणजे काका गेल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी. मधले सगळे हप्ते गेले ते गेलेच. आणि राज्याची नमो शेतकरी योजना आहे ना, वर्षाला आणखी सहा हजारांची, तिची यादी पण याच यादीवरून घेतात, त्यामुळं इथनं नाव सुटलं की तिथनंही सुटतं. अण्णांना त्या दिवशी केंद्राचे दोन हजार आणि नमोचे दोन हप्ते मिळून सहा हजार एकदम आले.

ई-केवायसीबद्दल, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याबद्दल, पण लोक विचारतात. मला विचाराल तर गरज होती, फसवणूक झालीय ती खरीच. पण २०२२ मध्ये ज्या पद्धतीनं केलं त्यात म्हातारी माणसं फार भरडली. मुदत मार्चची मेला, मेची जुलैला, जुलैची ऑगस्टला अशी ढकलत राहिले आणि प्रत्येक वेळी सेवा केंद्रावर जत्रा. फी पंधरा रुपये लिहिलेली, घेणारे पन्नास घेत होते, कुठं शंभर. ओटीपीनं घरी करायचं तर आधारला मोबाईल जोडलेला नाही, जोडलाय तर तो नंबर मुंबईतल्या पोराचा, आणि पोरगं ड्युटीवर. मे २०२२ मध्ये दहा कोटीच्या वर लोकांना हप्ता गेला होता, ऑक्टोबरमध्ये आठ कोटीच्या आसपास. त्यात अपात्र होते तसे अंगठा न उठलेले पण होते, आमच्याच गल्लीतले तिघं मी मोजलेत. जून २०२३ पासून ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय आली, ती खरंच चांगली आहे, मी माझ्या फोनवरून गल्लीतल्या नऊ जणांचं करून दिलं, दोन-दोन मिनिटात. ही सोय आधी केली असती तर किती जणांचे हप्ते वाचले असते.

पोर्टल सकाळी दहाच्या आत चालतं. हप्ता सुटायच्या आठवड्यात उघडूच नका. स्टेटसमध्ये तीन गोष्टी बघायच्या, ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली) आणि आधार-बँक सीडिंग (खात्याला आधार जोडलेलं), तिन्हीपुढं 'येस' पाहिजे. एकापुढं जरी 'नो' असलं तरी पैसे अडकतात. लँड सीडिंग 'नो' असेल तर सेवा केंद्रावर पैसे घालवू नका, ते तिथं होतच नाही, सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन सरळ तालुक्याला जायचं आणि अर्जाची पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. हेल्पलाइन १५५२६१, लागली तर माणसं नीट बोलतात, लागायलाच वेळ लागतो. आणि घरात कुणी गेलं तर, मन होत नसलं तरी, महिन्याभरात हप्ता थांबवायचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी वारस नोंदीचा पण द्या, आमच्यासारखं मागं राहू नका.

पैशाचं म्हणाल तर सहा हजार २०१९ ला ठरले ते अजून सहा हजारच. तेव्हापासून मजुरी दुप्पट झाली, डिझेल कुठं गेलं. वर्षाचे सहा हजार म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपये होत नाहीत, पाच माणसांच्या घरात माणशी सव्वातीन. ही रक्कम वाढायला पाहिजे आणि दरवर्षी महागाईप्रमाणं वाढायला पाहिजे, हे मी ठामपणे म्हणतो.

पण त्याहून जास्त मला बोचतं ते वेगळंच. आमच्या शेताच्या बांधाला लागून एक कुटुंब बटईनं शेती करतं. स्वतःची जमीन नाही, गुंठाभर पण नाही. मालक औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तिथं दुकान आहे त्यांचं. पीएम किसानचा हप्ता मालकाला जातो कारण सातबारा त्यांचा. कोरोनात पण त्यांनाच गेला. इकडं हा गडी आणि त्याची बायको दोघं पहाटे पाण्याची दारं धरायला येतात, बी-खताचा अर्धा खर्च करतात, भाव पडला की अर्धं नुकसान सोसतात, त्यांना शेतकरी म्हणून एक रुपया नाही. बायकोच्या जनधनला तीन महिने पाचशे आले, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट आलं, त्यावर त्यांनी तो उन्हाळा काढला. धान्याचं मात्र म्हणीन, ते वेळेवर मिळालं आणि त्यानं माणसं जगली. पण त्या बाईनं मला विचारलं होतं, दादा, माझा फॉर्म भरता येईल का, मी पण शेतीच करते की. मी पोर्टल उघडून बघितलं, सर्व्हे नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढंच जात नाही. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, फोन बंद करून नुसता बसलो.

म्हणून स्टार द्यायचे तर मी असे देईन. खात्यात थेट पैसे येतात, मधे कुणी दलाल नाही, कुणाच्या पाया पडावं लागत नाही, याला पाच. एप्रिल २०२० ला लवकर दिले त्याला पण पाच, सांगताना जे लपवलं त्याचे दोन कापून. रक्कम, दोन. वारस, बायका, सामाईक खातेदार यांच्यासाठीची सोय, एक. जमीन नसलेल्या शेतकऱ्याला शून्य, कारण त्याच्यासाठी फॉर्मच नाही.

आता फार्मर आयडीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकाचं, चालू आहे. अण्णांचं झालं. काकूंचं अडकलंय, सामाईक खात्यात त्यांचा हिस्सा किती ते दिसत नाही म्हणे. उद्या सकाळी नऊच्या आत त्यांना घेऊन सेंटरवर जायचंय, गर्दी व्हायच्या आधी सर्व्हर बरा चालतो. त्यांनी पिशवी आत्ताच भरून दाराच्या खुंटीला अडकवलीय.